भिंतीतली सामाईक तार

आमच्या स्वयंपाकघरातला दिवा आता अगदी शहाण्यासारखा वागतो. बटण दाबलं की लागतो, पुन्हा दाबलं की मालवतो. विझतो म्हणायची आमच्या घरात सोय नव्हती. सासूबाईंनी समईचे सगळे नियम विजेच्या दिव्यालाही लावले होते. संध्याकाळी बटण दाबायचं, दिव्याकडं बघून हात जोडायचे, मग घरातल्या मोठ्यांना नमस्कार. त्या जाऊन बरीच वर्षं झाली, तरी माझा हात अजून बटणावरून थेट कपाळाकडंच जातो. तर असा हा दिवा, पांढरा, एकसारखा, कुणालाही आवडावा असा. मलाच तेवढा तो बघवत नाही.

का बघवत नाही ते सांगायचं तर आधी घराचं सांगायला पाहिजे.

नांदेडला आमचं घर आहे. सासऱ्यांनी नोकरीत असताना बांधलेलं, वर स्लॅब, पुढं ओटा, मागं न्हाणी. दोन भाऊ त्यात वाढले, दोघांची लग्नं त्यातच झाली. थोरल्या भाऊजींची बायको म्हणजे माझी जाऊ. तिला मी अक्का म्हणते. तिचं माहेर बिलोलीचं, माझं देगलूरचं. पंचमीला माहेरी निघालो की नरसीच्या फाट्यापर्यंत आम्ही दोघी एकाच गाडीत. तिथं ती उतरायची बिलोलीची गाडी धरायला, मी पुढं जायची. उतरता उतरता माझ्या मांडीवर भाजलेल्या शेंगांची पुडी टाकायची आणि म्हणायची, "देगलूर येईस्तोवर तोंड हलवत बस, न्हाईतर झोपशील अन् डायरेक हैदराबादला जाशील."

माझी शाळा लवकर सुटली. पुढचं जे काही आलं ते किराण्याच्या पुड्यांच्या कागदावरून आलं. तूरडाळ डब्यात ओतून झाली की मी कागद सरळ करून वाचत बसायची. अक्का हसायची नाही. उलट तिच्या वाट्याच्या पुड्याही सोडवून माझ्या पुढं टाकायची. अर्धी बातमी, अर्धी जाहिरात, कधी कुणाच्या लग्नाचं आमंत्रण. आज मी चार ओळी लिहिते, त्यात त्या पुड्यांचा वाटा आहे.

सासरे गेले आणि वाटणी झाली. मोठ्या खोलीच्या मधोमध भिंत उभी राहिली. त्यात भांडण्यासारखं काही नव्हतं, पण गच्चीचा जिना त्यांच्या बाजूला गेला. आमचे हे म्हणाले, जिना दोघांचा राहू द्या, भिंतीत एक दार ठेवू. भाऊजी म्हणाले, दारच ठेवायचं तर भिंत कशाला बांधून राहिलो? तसं बघितलं तर दोघंही बरोबर बोलत होते. पण बोलण्याला बोलणं लागत गेलं आणि कुणाचं तरी तोंड सुटलं. शेवटी आमच्या बाजूनं बाहेरून लोखंडी शिडी लागली, गच्चीवर विटांची एक ओळ आली, आणि भावाभावांचं बोलणं बंद झालं.

त्यांचं बंद झालं म्हणून आमचंही. मला कुणी "बोलू नको" असं सांगितलं नव्हतं हो. पण नवरा समोर बसलेला असताना भिंतीपलीकडं "अक्का" अशी हाक मारायची तर जीभ जड व्हायची. तिचंही तसंच असणार. माणूस म्हणतो, जरा निवळू दे, मग बोलू. निवळायची वाट बघण्यातच इतके दिवस जातात, की पुढं काय म्हणून बोलायला सुरुवात करावी तेच सुचत नाही.

सणासुदीला ओट्यावर रांगोळी काढताना ती मला दिसायची. मी मान खाली घालून ठिपके मोजायची.

मग एका दिवाळीच्या सफाईत ह्यांनी घरातले सगळे जुने दिवे काढले. पिवळे बल्ब गेले, गुणगुणणाऱ्या ट्यूब गेल्या, सगळीकडं एलईडी आले. हे शाळेत मास्तर होते. रिटायर झाले तरी कोणतीही गोष्ट समजावून सांगितल्याशिवाय त्यांना राहवत नाही. "बघ, आता वीज कमी, उजेड जास्त, अन् वर्षानुवर्षं हात लावायचं काम न्हाई."

काही दिवसांतच स्वयंपाकघरातला दिवा फडफडायला लागला.

सारखा नाही. मधूनच. भाकरी तव्यावर टाकावी आणि उजेडानं लपलप करावं, जसं कुणी दिव्यासमोरून पदर हलवतंय. कधी नुसता मान टाकून मंद व्हायचा, कधी भराभर डोळे मिचकवायचा. तांदळातले खडे निवडता येईनात, डोकं दुखायला लागलं. ह्यांनी स्टूल घेतलं आणि कामाला लागले. आधी बल्ब बदलला. फडफड तशीच. मग होल्डर बदलला. मग बटण बदललं. मग म्हणाले, पंख्याच्या रेग्युलेटरचा दोष आहे, आणि तोही काढला. माझा स्वयंपाकघरातला पंखा बंद पडला, दिवा मात्र लपलपत राहिला.

"तुमचा हात लागला की चांगलं असलेलंबी बिघडतंय," मी म्हटलं.

"दोष शोधायचा म्हणजे एकेक गोष्ट बाजूला करत जावं लागतं. ह्याला पद्धत म्हणतात."

"करा बाजूला. मला तेवढी बाजूला करू नका म्हणजे झालं."

खांबावर ढिलं असेल म्हणून लाइनमनला बोलावलं. तो वर चढून बघून आला, खांबावर सगळं ठीक होतं. समोरच्या घरातली म्हातारी म्हणाली, लिंबू उतरवून चौकात टाका. ह्यांनी तिलाही विजेचा पूर्ण धडा शिकवला.

बल्ब गॅरंटीचे होते, तेवढी एक बरी गोष्ट. गल्लीच्या तोंडाशी जे दुकान आहे तिथं मी बल्ब घेऊन जायची आणि बदलून आणायची. दुकानदार ओळखीचा, तोंडाळ. तो प्रत्येक वेळी बल्ब लावून दाखवायचा आणि त्याच्या दुकानात बल्ब लख्ख लागायचा. एकदा तो वैतागला.

"काकू, बल्बाचा काय दोष न्हाई. तुमच्या घराचाच काहीतरी घोटाळा हाय. आत्ताच तुमच्या शेजारच्या काकूबी हेच घेऊन आल्त्या. त्यांचाबी माझ्याकडं आला की बरा होतो. तुम्ही दोघी काय ठरवून येऊन राहिल्या का?"

शेजारच्या काकू म्हणजे अक्का. 

म्हणजे भिंतीच्या त्या बाजूलाही भाऊजी स्टूलवर चढले असतील. त्यांनीही होल्डर काढला असेल, बटण बदललं असेल, अक्कानं त्यांनाही टोमणे मारले असतील. एकाच भिंतीच्या दोन बाजूंना दोन सख्खे भाऊ एकच दोष हुडकत होते, आणि "तुमच्याकडं बी फडफडतो का?" एवढं विचारायला कुणाचं तोंड उघडत नव्हतं. विचारलं असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं की दोष ह्या घरातही नाही आणि त्या घरातही नाही, दोन्हीच्या मधे आहे.

घरी येऊन मी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "म्हणजे तिकडूनच काहीतरी करून राहिले ते."

आता ह्याला काय म्हणावं? 

पण त्या दिवसापासून मी दिव्याकडं वेगळ्या नजरेनं बघायला लागले. सकाळी भिंतीपलीकडं मिक्सर घुरघुरला की माझा दिवा तशाच झटक्यांनी नाचायचा. मिक्सर थांबला की दिवा थांबायचा. मग माझ्या लक्षात आलं, आणि लक्षात आल्यावर मला त्याचा नादच लागला. पहाटे एकदम मोठी मान टाकून मग बारीक थरथरत राहिला, की समजायचं अक्कानं मोटर लावली, टाकी भरायला घेतली. बराच वेळ नुसता मरगळून राहिला, की पाणी तापवायचा रॉड बादलीत पडला. आणि इस्त्रीची खूण तर अगदी न्यारी. दिवा मंद व्हायचा, पुन्हा उजळायचा, थोड्या वेळानं पुन्हा मंद. म्हणजे भाऊजी उद्या धर्माबादला निघाले. तिथं त्यांच्या मित्राची मिरचीची अडत आहे. मिरचीच्या दिवसात भाऊजी सकाळच्या रेल्वेनं जातात, दिवसभर तिथं बसतात आणि संध्याकाळी परततात. अडतीवर बसायचं तरी शर्टाला घडी लागते त्यांना.

हिवाळ्यात एकदा रॉडची मरगळ सकाळी उशिरा आली. मी मनात म्हटलं, अक्का उशिरा उठली, अंगात कणकण असेल. दुपारपर्यंत मिक्सरही चालला नाही तेव्हा खात्रीच पटली. दुसऱ्या दिवशी पहाटे मोटरची मान पडली आणि मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. हे विचारत होते, "काय गं, फडफडणाऱ्या दिव्याकडं बघून हसून राहिली?" मी म्हटलं, "काही न्हाई, चहा घ्या."

डोकं दुखायचं, डोळे चुरचुरायचे, सगळं खरं. तरी दिवा नीट व्हावा असं मला मनापासून वाटतंय का, हे माझं मला कळेनासं झालं होतं.

मग वास यायला लागला. जळक्या रबरासारखा. मधली भिंत जिथं जुन्या भिंतीला मिळते तिथं, छताच्या खाली, सासऱ्यांच्या वेळची वायरिंगची एक लाकडी पेटी होती. वरून चुना मारून मारून ती भिंतीतच बुडाली होती. तिच्याभोवती चुना पिवळा पडला, मग तपकिरी झाला. आता मात्र हे घाबरले. गल्लीत वायरिंगचं काम करणारा एक जुना मिस्त्री आहे. मधली भिंत उभी राहिली तेव्हा आमच्या बाजूचं नवं मीटर, नवी फिटिंग त्यानंच केली होती. त्याला बोलावलं.

त्यानं टॉर्च मारला, पेटीचं झाकण उचकटलं आणि कपाळावर हात मारला.

"या अल्ला. मास्तरसाब, ये तो मेराच काम है!"

"म्हणजे?"

"भिंत बांधली तेव्हा वीज आणणारी गरम वायर दोन्ही घरांची अलग केली मी. ठंडी वायर, न्यूट्रल म्हणतात ती, तशीच राहून गेली. दोनों घरां की एकच. सगळी वीज काम करून ह्याच एका जोडातून वापस जाते. जोड आता ढिला झाला. तिकडं इस्त्री लावली की इकडं दिव्याला झटका, इकडं काही लावलं की तिकडं झटका. पिवळा बल्ब असता तर नुसता जरा मंद झाला असता, तुम्ही म्हणले असते वय झालं, डोळे गेले. ह्या नव्या दिव्याला दम नसतो, लगेच फडफडतो."

"मग एवढे दिवस तुझ्या ध्यानात कसं आलं न्हाई?" हे मास्तरी आवाजात म्हणाले.

"तुम्ही मला बोलावलंच कुठं? बल्ब बदलत बसले. बाजूच्या घरचे साब बी बल्ब बदलत बसले. मी काय खिडकीतून डोकावू का?" मग आवाज उतरवून म्हणाला, "पण गलती माझीच, हाव. आता दोन्ही घरांची लाइन एकदम बंद करावी लागेल. अन् त्या बाजूनंबी भिंत फोडावी लागेल. तुम्ही त्यांना सांगा."

हे छताकडं बघायला लागले. मिस्त्रीला सगळं ठाऊक होतं, गल्लीला कुठं ठाऊक नव्हतं? तो हसला आणि म्हणाला, "ठीक, मीच सांगतो."

त्या दिवशी दोन्ही घरांची वीज गेली. उन्हाळा तोंडावर आलेला. पंखे बंद, आत बसवेना. मी ओट्यावर आले. पलीकडून अक्काही सूप घेऊन आली, त्यात अर्धवट निवडलेली तूर. ओटा बाहेरून अजून एकच होता, तो कुणी तोडला नव्हता. दोघी आपापल्या टोकाला बसलो. आतून हातोड्याचे ठोके येत होते. एकदा आमच्या बाजूनं, एकदा त्यांच्या.

तिनं सूप झटकलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "तुझी भाजी रोजच करपते का गं, का मधून मधून?"

"काय?"

"वास येतो ना इकडं. फोडणी टाकून कुठं जातेस? वाचत बसत असशील."

मला हसू आलं आणि रडूही आलं. "अक्का, तू कालच्या दिवशी इस्त्री कामून केलीस? भाऊजी आज धर्माबादला कुठं गेले?"

तिनं सूप खाली ठेवलं. "तुला कसं कळलं?"

मी दिव्याचं सांगितलं. ती ऐकत राहिली आणि मग हळूच म्हणाली, "मलाबी कळायचं. तुझा मिक्सर, तुझा रॉड. मागं ते मिक्सरचं लई दिवस बंद होतं तुझं. मी म्हटलं, हिला ताप हाय का काय."

"मिक्सर बिघडला होता."

"मला काय म्हाईत? मी तर देवाला नारळ बोलले." मग स्वतःच खळखळून हसली. "आता तो नारळ तू फोड, मिक्सर तुझा हाय."

तेवढ्या वेळात आम्ही किती बोललो म्हणून सांगू. तिच्या लेकीचं बोललो, लेक लातूरला असते. गुडघ्यांचं बोललो. माझ्या देगलूरच्या भावाचं, तिच्या बिलोलीच्या घराचं बोललो. तिनं आत जाऊन शेंगा आणल्या, भाजलेल्या. पुडी माझ्या मांडीवर टाकली. मी कागद सरळ केला, तेव्हा म्हणाली, "वाच, वाच. काय लिवलंय?"

वाचायला मला दिसत नव्हतं.

मिस्त्री घाम पुसत बाहेर आला. अक्कानं त्याला विचारलं, "का रे बाबा, जोड नुसता घट्ट करून चालणार न्हाई? अलगच करायला पायजे का?"

"काकू, एका तारेवर दोन घरं ठेवायची म्हणजे आग लागायचं काम. अलगच पायजे."

"बरं," ती म्हणाली. मग माझ्याकडं वळून, "आता तुझं मला कसं कळायचं गं?"

"बोलू की आता."

"हाव. बोलू."

दोघींनीही ते "बोलू" किती सहज म्हटलं होतं.

संध्याकाळी दोन्ही घरांत दिवे लागले. एकसारखे, स्थिर. मी हात जोडले. आणि त्याच वेळी बाहेर ओट्यावर आवाज चढले. नव्या वायरीचा पाइप त्यांच्या मीटरकडं नेताना मिस्त्रीनं आमच्या बाजूच्या भिंतीवरून नेला होता, वीतभर. हे म्हणाले, सरकवा. भाऊजी म्हणाले, वीतभर पाइपानं तुमचं घर लहान होत नाही. हे म्हणाले, जिन्यानं झालंच होतं की लहान. झालं. इतकी वर्षं गप्प राहिलेली दोन माणसं शेवटी बोलली ती ही.

मी दारात उभी होते, अक्का तिच्या दारात. तिनं हातानं खूण केली, राहू दे, जरा निवळू दे. मीही मान हलवली.

त्या खुणेचं मला आजही दुःख होतं. तिचं चुकलं म्हणून नाही, माझं चुकलं म्हणूनही नाही. दोघींनाही वाटलं होतं की वेळ भरपूर आहे. ओटा तर तोडलेला नाही, भाजलेल्या शेंगा संपलेल्या नाहीत, कुठं पळून जायचंय? पण भांडण निवळायची वाट बघायची सवय आम्हाला आधीच लागलेली होती. आणि आता भिंतीतून काही कळायची सोयही राहिली नव्हती.

दिवा मात्र फार चांगला झाला. तांदळातला खडा लांबून दिसायचा. डोकं दुखायचं थांबलं. पहाटे मी चहा टाकायची आणि सवयीनं वर बघायची. मोटरची मान पडते का, मिक्सरचा झटका येतो का? काही नाही. उन्हामुळं खिडक्या बंद, दोन्हीकडं कूलर घोंघावत असायचे, त्यात मिक्सरचा आवाजही ऐकू यायचा नाही.

पुढच्या मिरचीच्या हंगामातली गोष्ट. भाऊजी सकाळच्या रेल्वेनं धर्माबादला गेले होते. मी नेहमीसारखी उठले, दिवा लावला, चहा झाला, मेथी निवडली. ह्यांना पेपरातलं काहीतरी वाचून दाखवलं. दिव्याखाली बसून चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवला, ह्यांना दाखवला, हेही खूश झाले. दुपारी अक्काकडं भांडी घासायला येणारी बाई आमच्या दारात आली.

"काकू, तिकडं दार आतून बंद हाय. हाका मारून थकले. तिकडच्या काकू आवाज देऊन न्हाई राहिल्या."

हे उठले.  बाहेरच्या लोखंडी शिडीवरून गच्चीवर गेले, विटांची ओळ ओलांडली आणि जिना उतरून खाली गेले. तोच जिना. वाटणी झाल्यापासून त्यावर ह्यांचा पाय पडला नव्हता. मी खाली दाराशी उभी, कानात जीव आणून. आतून ह्यांचा आवाज आला, "वहिनी. अहो वहिनी." मग दार उघडलं.

अक्का न्हाणीत पडलेली होती. सकाळी भाऊजी निघून गेल्यावर पाणी बघायला गेली तेव्हाच पाय घसरला होता. कंबरेचं हाड मोडलं होतं. बोलत होती, शुद्धीत होती, पण उठता येत नव्हतं आणि आवाज भिंतीपलीकडं पोचत नव्हता. सकाळपासून. अख्खी सकाळ ती तिथं ओल्या फरशीवर पडून होती, आणि मधे एक भिंत सोडून मी सुईत दोरा ओवत होते.

तिला उचलताना तिनं माझा हात धरला. म्हणाली, "मोटर लावायचीच राहिली गं. तुझ्या ध्यानात आलं असतं."

तक्रार नव्हती तिच्या आवाजात. तेच मला सहन होत नाही. जुना जोड असता तर सकाळीच मला कळलं असतं. मोटर नाही, रॉड नाही, मिक्सर नाही. चहा उतू गेला असता तरी मी उठून गेले असते. मिस्त्रीचं खरं होतं, त्या तारेनं घर जळालं असतं. आग लागू नये म्हणूनच तर अलग केली. हे मी स्वतःला रोज सांगते, आणि ते खोटं नाही. तरीही.

दवाखाना झाला, ऑपरेशन झालं. लेक येऊन तिला लातूरला घेऊन गेली. भाऊजीही तिकडंच राहिले. जाताना त्यांनी घराची किल्ली ह्यांच्या हातात दिली. "दिवा लावत जा संध्याकाळी," एवढंच म्हणाले. ह्यांनी किल्ली घेतली आणि म्हणाले, "दादा, जिना लई अरुंद झालाय." भाऊजी म्हणाले, "आपण जाड झालो." दोघं एकमेकांकडं बघून हसले. आता रोज फोनवर बोलतात, मिरचीचा भाव, गुडघे, देशाचं राजकारण. त्यांचं निवळलं. इतकं सोपं होतं ते.

लोहा, अहमदपूर करत मी लातूरला दोनदा जाऊन आले. लेकीचा फ्लॅट वरच्या मजल्यावर, लिफ्टचा. घरात सगळीकडं छान दिवे, छतात लपवलेले, नुसता उजेड येतो, दिवा दिसतच नाही. अक्का पलंगावर. चालणं काही आता व्हायचं नाही म्हणतात. मला बघून म्हणाली, "इथं कुणाचं काही कळतच न्हाई गं. शेजारी कोण राहातंय तेबी म्हाईत न्हाई. हात जोडायचे तर कुठं बघून जोडायचे, दिवा कुठंय?" मी छताकडं बोट दाखवलं. तिनं हात जोडले खरे, पण तिला पटलेलं दिसलं नाही. निघताना मी तिच्या उशाशी शेंगांची पुडी ठेवली. तिला चावत नाहीत आता. पुडी तिनं हातात धरून ठेवली.

आता रोज संध्याकाळी मी आमच्या घरातला दिवा लावते, हात जोडते, मग किल्ली घेऊन पलीकडं जाते. अक्काच्या स्वयंपाकघरातला दिवा लावते. भांडी पालथी, मोरी कोरडी. एकदा मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी तिची मोटर लावली. बटण दाबलं आणि तशीच लगबगीनं, गुडघे दुखत असताना, ओट्यावरून आमच्या स्वयंपाकघरात आले आणि वर बघत उभी राहिले. पलीकडं मोटर चाललेली मला बारीक ऐकू येत होती. दिवा हलला नाही. हे दारात येऊन उभे राहिले, माझ्याकडं बघितलं, दिव्याकडं बघितलं. मग पलीकडं गेले आणि मोटर बंद करून आले.

त्याच संध्याकाळी अक्काचा फोन आला.

"लावला का दिवा माझ्या घरात?"

"लावला."

"अन् तुझा?"

"तोबी लावला."

मग तिनं विचारलं, "जरासाबी फडफडत न्हाई का गं?"

मला खोटं बोलता आलं असतं. "न्हाई अक्का," मी म्हटलं. "एकदम स्थिर हाय."

"हं," ती म्हणाली. मग बराच वेळ दोघीही फोन धरून बसलो, कुणीच ठेवला नाही.